हल्ली मुक्काम कैलास

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचे ठरले तेव्हा त्या कामाला मी लायक आहे असे कुणालाही वाटत नव्हते. पण मी निवृत्त होतो, चष्मा नाकावर घेतला की विचारवंत दिसत होतो आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी बैठकीला उशिरा पोचलो. कुलमंडळाच्या बैठकीला उशिरा येणाऱ्याला चहा मिळत नाही, काम मिळते.

काम म्हणजे चारशे पानांचा मजकूर संगणकावर तपासायचा. टंकून घेतलेला तयार होताच. भाच्याने माझ्या संगणकावर एमॅक्स नावाचा एक संपादक बसवून दिला. संपादक म्हणजे दाढी, शबनम पिशवी आणि 'साभार परत' ही चिठ्ठी, एवढीच माझी आजवरची समजूत. हा संपादक म्हणजे मजकूर लिहायचा, शोधायचा, बदलायचा प्रोग्रॅम निघाला. "मामा, याच्यात काय वाट्टेल ते करता येतं," भाचा म्हणाला. हे त्याने आनंदाने सांगितले. काय वाट्टेल ते करता येणाऱ्या वस्तू आमच्या पिढीने घरात कधी ठेवल्या नाहीत.

पहिले काम अगदी साधे होते. टंकणाऱ्याने दिवंगत मंडळींच्या नावाआधी 'कै.' घातले होते. अध्यक्षांचे म्हणणे, 'कै.' हा कंजूषपणा झाला; 'कैलासवासी' असे पूर्ण लिहा. गेलेल्या माणसाला पाच अक्षरे द्यायला काय हरकत आहे? मलाही पटले. घराण्यात दुसरे फारसे कुणी कुणाला काही दिलेले नाही.

या संपादकाला हुकूम द्यायचा तो हुकमाचे नाव टंकून. मी 'रिप्लेस' एवढे टंकले आणि पुढचे तोच सुचवील म्हणून थांबलो. त्याने इतर सटरफटर नावांबरोबर दोन ठळक नावे पुढे केली. एक 'रिप्लेस-स्ट्रिंग' आणि दुसरे 'रिप्लेस-रेगएक्स्प'. आता स्ट्रिंग म्हणजे सुतळी, हे मला शाळेपासून ठाऊक. मला सुतळी बदलायची नव्हती. 'रेगएक्स्प'वरून मात्र रजिस्टर्ड एक्स्प्रेस डिलिव्हरीची आठवण झाली. पोस्टात ज्याला रजिस्टर्ड आणि एक्स्प्रेस अशी दोन्ही बिरुदे आहेत ते काम भरवशाचे, या हिशेबाने मी तो हुकूम दिला. 'कै.' काढा, 'कैलासवासी' घाला. क्षणात झाले. काही शे ठिकाणी बदल केले, असे संपादकाने पडद्याच्या तळाशी नम्रपणे नमूद केले. मी मजकूर जपून ठेवला, मुद्रिते काढली आणि ज्येष्ठ मंडळींना पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी आमच्या थोरल्या काकांचा फोन आला. काका चौऱ्याऐंशी वर्षांचे. रोज पहाटे टेकडी चढून येतात आणि जे चढत नाहीत त्यांना मग दिवसभर बोलतात.

"अरे, मी हल्ली कुठं राहतो?"

"बंगल्यावर, काका."

"बंगल्याचं नाव काय?"

"कैलास."

"आणि तू काय छापलंयस? वाचू? 'हल्ली मुक्काम : कैलासवासीास.' हे काय आहे? मी राहतोय का गेलोय? आणि गेलो असेन तर शेवटी ही 'आस' कसली चिकटवलीस? माझी कसलीही आस राहिलेली नाही!"

मी धावत जाऊन मुद्रिते उघडली. आमच्या एका पूर्वजांनी संस्थानात कैक वर्षे कारकुनी केली होती, त्यांनी आता 'कैलासवासी वर्षे' कारकुनी केली. (वाक्य तसे अगदीच चुकीचे नव्हते. संस्थानातल्या कारकुनीबद्दल ऐकलेले आहे.) आजीच्या कैरीच्या लोणच्याची पंचक्रोशीत ख्याती होती, ते लोणचे आता कैलासवासी झाले होते आणि त्याच्या शेवटी एक वेलांटी निराधार लोंबत होती.

भाच्याला बोलावले. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही रेगेक्स चालवलंत!" तुम्ही दारू पिऊन मोटार चालवलीत, या सुरात.

त्याने समजावले ते असे. रेगएक्स्प म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. म्हणजे नेमका शब्द नव्हे, शब्दाचा साचा. या साच्याच्या भाषेत काही चिन्हांना स्वतःचे अर्थ असतात. तिथे टिंब म्हणजे टिंब नव्हे. टिंब म्हणजे पंगतीतला रिकामा पाट. त्यावर कुठलेही एक चिन्ह येऊन बसले तरी चालते. फुली मारलेला तारा म्हणजे आधीचा पदार्थ कितीही वेळा वाढा, मुळीच नाही वाढला तरी हरकत नाही. तेव्हा 'कै.' याचा अर्थ यंत्राने घेतला तो 'कै आणि त्यापुढे जो कोणी असेल तो'. 'कैलास'मधला 'ल' त्या पाटावर बसला, जेवणासकट नाहीसा झाला आणि काना न् 'स' तेवढे मागे उरले. टिंबाला टिंबच समजावे अशी इच्छा असेल तर त्याच्याआधी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. नाहीतर मग 'रिप्लेस-स्ट्रिंग' वापरायचे. तिथे टिंब हे टिंबच असते. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. सुतळीचा काही संबंध नाही.

माझा राग टिंबावर नव्हता. टिंब बिचारे आपल्या धर्माप्रमाणे वागले. राग होता तो नावावर. असली नावे ठेवतो कोण? कुठल्या आत्याने यांच्या कानात कुर्र केले? म्हणून चौकशीला लागलो. निवृत्त माणूस चौकशीला लागला की निदान 1951 पर्यंत मागे जातोच.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका गावी, रँड कॉर्पोरेशन या संस्थेत, स्टीफन क्लेनी नावाचे गणिती एका प्रश्नावर काम करत होते. त्याआधी 1943 मध्ये मॅकलक आणि पिट्स या दोघांनी मेंदूतल्या मज्जातंतूंच्या जाळ्याचे गणिती चित्र मांडले होते. असल्या जाळ्याला नेमके काय काय ओळखता येईल, हा क्लेनींचा प्रश्न. जे ओळखता येईल त्याला त्यांनी 'रेग्युलर इव्हेंट्स' असे नाव दिले, आणि लगेच तिथेच कंसात लिहून ठेवले की याहून अर्थवाही शब्द कुणी सुचवला तर आमची ना नाही. भर बारशात "नाव पसंत नसेल तर सांगा हो" असे विचारणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही. निबंध 1956 मध्ये पुस्तकात छापून आला. कुणी काही सुचवले नसावे. कारण बाळ आज सत्तरी ओलांडून गेले तरी नाव तेच आहे. मुळात त्यात 'रेग्युलर' असे काय आहे, हे विचारू नये. आमच्याकडे रेग्युलर फक्त वाण्याचे बिल येते.

या क्लेनींच्या स्वतःच्या आडनावाची तर आणखी मौज आहे. त्याचे स्पेलिंग पाहून जगातले बहुतेक लोक 'क्लीन' म्हणतात. ते स्वतः 'क्लेनी' म्हणवून घेत. पुढे त्यांच्या मुलाने लिहून ठेवले की हा उच्चार जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषेत बसत नाही, आमच्या वडिलांनीच तो शोधून काढला असावा. ज्याच्या आडनावाचा घरातच एकमताने उच्चार होत नव्हता त्याच्याकडून आपण सोप्या नावाची अपेक्षा करावी कशी?

मज्जातंतूंतले हे गणित मजकुराच्या संपादनात आणले ते केन थॉम्प्सन यांनी. 1968 मध्ये त्यांनी साचा घेऊन मजकुरात शोध कसा करावा याची रीत चार पानी लेखात सांगितली. बर्कलेत तयार झालेल्या क्यूईडी या संपादकाची त्यांनी एमआयटीच्या यंत्रासाठी स्वतःची आवृत्ती लिहिली होती आणि तिच्यात हे साचे घातले होते. मग बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्माला आले आणि त्यासोबत 'एड' हा अडीच मात्रांचा संपादक. या थॉम्प्सनना नावांतल्या अक्षरांची फार काटकसर. युनिक्समध्ये फाइल तयार करण्याच्या हुकमाला त्यांनी 'क्रिएट' नाव दिले आणि स्पेलिंगातले शेवटचे 'ई' गाळून टाकले. पुढे कुणीतरी विचारले, पुन्हा युनिक्स लिहायचे झाले तर काय बदलाल? ते म्हणाले, त्या 'क्रिएट'ला 'ई' लावीन. एवढी मोठी व्यवस्था उभी केलेल्या माणसाची एकच रुखरुख, आणि तीही एका अक्षराची. हा माणूस मला त्या क्षणी घरचा वाटला.

पण त्यांचे खरे नामकरण म्हणजे 'ग्रेप'. बेल लॅब्जमध्ये ली मॅकमहन नावाचे गृहस्थ 'फेडरलिस्ट पेपर्स' तपासत होते. हे 1787-88 सालचे 85 निबंध. लिहिले तिघांनी आणि सही मात्र सगळ्यांची मिळून एकच, 'पब्लियस'. त्यातले काही निबंध नक्की कुणाचे, यावर विद्वानांचा वाद. शब्दांच्या लकबींवरून तो सोडवता येतो का, हे पाहायचे होते. पण सगळा मजकूर 'एड'च्या पोटात मावेना. तेव्हा थॉम्प्सननी 'एड'मधला शोध तेवढा बाहेर काढून वेगळा प्रोग्रॅम केला. 'एड'मध्ये सगळीकडे शोधा आणि सापडलेल्या ओळी छापा, हे सांगायला जी, मग दोन तिरक्या रेघांमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, मग पी असे टंकावे लागे. जी म्हणजे ग्लोबल, पी म्हणजे प्रिंट. रेघा उडवल्या आणि मधल्या साच्याच्या जागी 'आर-ई' धरले की झाले ग्रेप. 1973 च्या युनिक्सच्या माहितीपुस्तकात ते नाव आले. म्हणजे टोपणनावामागचे लेखक शोधायला निघालेल्या माणसासाठी जे हत्यार घडले, त्याचेही नाव शेवटी टोपणनावच.

आता माझ्या एमॅक्सकडे येतो. त्याचे घराणे निराळे. ते एमआयटीचे. तिथे आधी टेको नावाचा संपादक होता. डॅन मर्फी यांनी तो 1962-63 च्या सुमारास लिहिला. टेकोतला 'टे' मुळात कागदी फितीचा, म्हणजे टेपचा. पुढे फिती गेल्या तेव्हा तो टेक्स्टचा झाला. घरमालक बदलला, पाटी तीच. टेकोचे हुकूम एकेका अक्षराचे. त्यामुळे तिथल्या मंडळींचा एक आवडता खेळ होता म्हणतात. आपले नाव हुकूम म्हणून टंकायचे आणि मजकुराचे काय होईल ते ओळखायचे. मी माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मनात टंकून पाहिले. बहुधा सगळा मजकूर पुसला गेला असता. नातेवाइकांचे माझ्याबद्दल तेच मत आहे.

टेकोवर रचलेल्या हुकमांची 1976 मध्ये एकत्र मोट बांधली गेली आणि एमॅक्स जन्मला. त्यात रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही नावे प्रमुख. 'एडिटर मॅक्रोज'चा संक्षेप म्हणजे एमॅक्स. तिथल्या यंत्रावर 'ई' हे अक्षर संक्षेप म्हणून कुणी घेतलेले नव्हते, हेही एक कारण. म्हणजे रिकामे अक्षर दिसले म्हणून नाव. आमच्याकडे नक्षत्रावरून अक्षर काढतात. पद्धत त्याहून फार वेगळी नाही. मग त्याच्या भाऊबंदांना नावे ठेवताना मंडळींना चेव आला. एकाचे नाव आइन, म्हणजे 'आइन इज नॉट एमॅक्स'. त्याच्या पुढच्याचे झ्वाय, म्हणजे 'झ्वाय वॉज आइन इनिशियली'. जर्मनमध्ये आइन म्हणजे एक आणि झ्वाय म्हणजे दोन. स्टॉलमननी 1983 मध्ये 'ग्नू'ची घोषणा केली, 1984 मध्ये त्यासाठी नवा एमॅक्स लिहायला घेतला आणि त्याच्या पोटात लिस्प नावाची भाषा बसवली. माझ्या संगणकावर आहे तो हा.

लिस्पमध्ये नावात जोडरेघ चालते, आणि चालते म्हटल्यावर मंडळींनी ती चालवली. त्यामुळे एमॅक्समधले हुकूम संस्कृत समासासारखे लांबतात. पुढे शोध म्हणजे 'सर्च-फॉरवर्ड'. विचारून विचारून बदल म्हणजे 'क्वेरी-रिप्लेस'. इथवर ठीक. प्रश्न येतो तो साध्या हुकमाची साच्यावर चालणारी आवृत्ती निघाली की तिला काय म्हणायचे. 'सर्च-फॉरवर्ड'ला आधी 'री' लागले आणि 'री-सर्च-फॉरवर्ड' झाले. (मी त्याला पंधरा दिवस 'संशोधन पुढे चालू' समजत होतो.) 'क्वेरी-रिप्लेस'ला मागे शेपूट लागले आणि 'क्वेरी-रिप्लेस-रेगएक्स्प' झाले. 'रिप्लेस-स्ट्रिंग'मध्ये तर शेपटाला जागाच नव्हती म्हणून 'स्ट्रिंग'ला उठवून 'रेगएक्स्प' बसवले. आणि 'लुकिंग-अ‍ॅट' व 'स्ट्रिंग-मॅच' या दोघांच्या नावात साच्याचा मागमूसही नाही, पण काम मात्र दोघेही साच्यावरच करतात. समोर काय आहे ते साच्याशी ताडून पाहणारे ते लुकिंग-अ‍ॅट.

भाचा म्हणाला, "याला काही नियमच नाही, मामा." मी म्हटले, "का नाही?" आमच्या कुलवृत्तांतात चिरंजीव आणि सौभाग्यवती नावाच्या पुढे बसतात, राव आणि पंत नावाच्या मागे लागतात, आणि ज्यांना पुढे-मागे काहीच नाही अशा दोघाजणांनीच तेवढे खरे काम केलेले आहे. 'री' म्हणजे चिरंजीव, 'रेगएक्स्प' म्हणजे राव. न समजण्यासारखे काय आहे त्यात?

आणि यामागे थोडे कारणही आहे. एमॅक्सच्या लिस्पमध्ये सगळ्या नावांचे एकच मोठे गाव आहे. वेगळ्या पेठा नाहीत. म्हणून कुणी नवा प्रोग्रॅम लिहिला की त्यातल्या प्रत्येक नावाआधी त्या प्रोग्रॅमचे आडनाव लावायचे, असा तिथे रिवाज. मतदारयादीसारखे आडनाव आधी. पण जुन्या मूळ रहिवाशांच्या वेळी हा रिवाज घट्ट नव्हता. त्यांची नावे क्रियापदाने सुरू होतात. शोध, बदल, पाहा. दोन्ही पद्धती आजही एकाच चाळीत राहतात. त्याचा कळस असा की 'रिप्लेस-स्ट्रिंग' पहिल्यापासून आहेच, तो फाइलीतला मजकूर बदलतो. आणि 2022 मध्ये अठ्ठाविसाव्या आवृत्तीत 'स्ट्रिंग-रिप्लेस' नावाचा दुसरा आला, तो हातात दिलेली अक्षरांची माळ तेवढी बदलून परत देतो. आमच्या गावात असे दोघे होते. एकाचे नाव ते दुसऱ्याचे आडनाव आणि दुसऱ्याचे नाव ते याचे आडनाव. पोस्टमन दोघांची पत्रे मारुतीच्या पारावर ठेवून जात असे.

मग 'पी'चे प्रकरण. लिस्प ही जॉन मॅकार्थी यांची 1958 पासूनची भाषा. तिच्यात फक्त हो किंवा नाही असे उत्तर देणाऱ्या हुकमाच्या शेवटी 'पी' लावायची पद्धत पडली. प्रेडिकेटचा पी. मराठीत आपण 'का' लावतो तसाच. 'येतोस' आणि 'येतोस का', बस्स. हा 'पी' लिस्पवाल्यांच्या इतका अंगवळणी पडला की ते बोलतानाही तो लावू लागले. बिल गॉस्पर या नामांकित गणितीची गोष्ट सांगतात. एका चिनी हॉटेलात दोघांपुरते सूप येणार होते, कुणी वाटून घेणार का, हे विचारायला ते म्हणाले, "स्प्लिट-पी सूप?" स्प्लिट-पी म्हणजे इंग्रजीत वाटाण्याची डाळ. हा विनोद कळायला लिस्प, इंग्रजी आणि भूक अशा तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. ग्रेपमधला पी छापणारा, लिस्पमधला पी विचारणारा आणि सूपमधला पी वाटाण्याचा. टिंबाने मला फसवले याचे मग फारसे वाईट वाटेनासे झाले.

तरी इथेही आमचा एमॅक्स सरळ चालत नाही. 'लुकिंग-अ‍ॅट' हो-नाही असेच उत्तर देतो, पण त्याला पी नाही. 2009 मध्ये तेविसाव्या आवृत्तीत 'लुकिंग-अ‍ॅट-पी' आला. तोही हो-नाहीच सांगतो. मग फरक काय? फरक पाटीत आहे. एमॅक्समध्ये एक पाटी असते. प्रत्येक शोध, आपल्याला काय कुठे सापडले ते त्या पाटीवर लिहून ठेवतो. पाटी एकच. पुढच्याने शोध केला की तो आधीचे पुसतो आणि आपले लिहितो. तुम्ही शोध घेता, मधे दुसऱ्याच कुणाला काही विचारता, तो आपल्या कामासाठी एक शोध घेतो, आणि परत येऊन पाहता तो पाटीवर तुमचे काही नाही. जे बदलायचे ते राहिले बाजूला, भलतेच बदलले जाते. आमच्या हापिसात फोनशेजारी अशीच एक पाटी होती. एकाच्या घरचा निरोप पुसून दुसऱ्याने तिच्यावर भिशीचा हिशेब मांडला आणि पहिला गृहस्थ स्वतःच्या मेहुण्याच्या मुंजीला मुकला. तर 'पी'वाले हुकूम या पाटीला हात लावत नाहीत. विचारतात, उत्तर घेतात आणि पावले न वाजवता जातात. 'स्ट्रिंग-मॅच-पी' तर धड हो-नाहीही सांगत नाही. कितव्या जागी सापडले तो आकडा सांगतो. म्हणजे या घराण्यात पीचा अर्थ 'का?' राहिलेला नाही. पीचा अर्थ 'हळू, पाटी ओली आहे'.

"मग हे सगळं एकदा बसून नीट का करत नाहीत?" मी भाच्याला विचारले. कुलमंडळात राहून मला सगळे एकदा बसून नीट करायची सवय लागली होती.

तो म्हणाला, "मामा, जगभर लोकांनी आपापल्या फायलींत ही नावं लिहून ठेवलीयत. कुणी चाळीस वर्षांपूर्वी. नाव बदललं की त्यांनी जुन्या नावानं हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही, असं होईल. म्हणून बदलत नाहीत. फार तर ऊर्फ लावतात."

हे ऊर्फ मला आवडले. 'री-सर्च-फॉरवर्ड'ला 'सर्च-फॉरवर्ड-रेगएक्स्प' असेही म्हणता येते. माणूस एकच, ऊर्फ दोन. साच्यात बसणाऱ्या ओळी उडवणाऱ्याला 'फ्लश-लाइन्स' म्हणतात, पण 'डिलीट-मॅचिंग-लाइन्स' म्हणून हाक मारली तरी तो येतो. (पहिले नाव न्हाणीघरातले, दुसरे चारचौघांत घेण्याजोगे.) आणि एखादे नाव खरोखरच मोडीत काढायचे झाले तर तिथे रीतसर नोंद करतात. अमुक नाव तमुक आवृत्तीपासून जुने झाले, त्याऐवजी हे घ्या. तरीही जुने नाव कित्येक वर्षे चालू ठेवतात. हाक मारली तर काम होते. फक्त हळूच कानात सांगतात की आता यांना असे म्हणतात.

मी मुद्रितांकडे वळलो. आता टिंबांचा नव्हे, नावांचा शोध चालू झाला होता. चारशे पाने. अकरा पिढ्या. पुरुषांची नावे, त्यांची टोपणनावे, एकाने दत्तक गेल्यावर घेतलेले नाव, ते ज्या घरी गेले तिथले आडनाव, सगळे तारखांसह. बायकांच्या नोंदी अशा : 'पत्नी रमाबाई', 'पत्नी जानकीबाई', 'द्वितीय पत्नी जानकीबाई'. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहीत. तांदूळ मग गोळा करून डब्यात जात. आधीचे नाव काय होते, कुठल्या सालापासून बदलले, त्या नावाने हाक मारली तर कोण ओ देईल, याची एक ओळ अकरा पिढ्यांत कुठे नाही. माझ्या सख्ख्या आजीच्याही नावापुढे नाही. लोणच्याची ख्याती आहे, नाव नाही.

मी काकांना फोन केला. आजी म्हणजे त्यांची आई.

"काका, आजीचं माहेरचं नाव काय होतं?"

पलीकडून काही आवाज येईना. काका गप्प बसलेले मी प्रथमच ऐकत होतो.

"तिचा भाऊ यायचा भाऊबीजेला," ते म्हणाले. "अंगणातूनच हाक मारायचा. त्या नावानं. ती चुलीवरचं तसंच टाकून जी धावत यायची... आम्ही हाका मारून घसा कोरडा केला तरी तशी कधी आली नाही. मामा गेला, मग कुणीच नाही मारली तशी हाक."

मग त्यांनी नाव सांगितले. मी ते आधी सगळ्या मजकुरात शोधून पाहिले, न जाणो कुठे असेल. संपादकाने खाली लिहिले, शोध निष्फळ. मग आजीच्या नोंदीपाशी गेलो.

"लिहितोय काका. कंसात घालू?"

"कंसात कशाला? काय चोरी आहे का? ऊर्फ लिही."

"बरं."

"दुसऱ्यांच्याही बायकांची विचार. अजून दोन-चार म्हाताऱ्या आहेत सांगणाऱ्या. लवकर विचार, नाहीतर तू त्यांनाही कैलासवासी करशील. आणि माझ्या पत्त्याचं काय केलंस?"

"दुरुस्त केला, काका."

"कशानं? परत त्या रजिस्टर्ड एक्स्प्रेसनं?"

"नाही काका. सुतळीनं."